पडणाऱ्याची कुस्ती

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या तात्यांचा चहा कधी गार झाला नाही. घरात काहीही चाललेलं असो, बशीत ओतून दोन घोटांत तो संपायचा. अपवाद एकाच दुपारचा. साल 1990 च्या आसपासचं असेल. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून मी एक कॅसेट आणली होती आणि तात्या टीव्हीसमोर कप हातात धरून तसेच बसून राहिले होते. आज त्या कॅसेटबद्दल बोलायचं आहे.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत राहिलेले, शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेच्या मैदानात एकदोनदा लंगोट लावून उतरलेले. दोन्ही कान मोडून भज्यासारखे झालेले. आणि कॅसेट होती रेसलमेनिया तीनची, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमाची. 29 मार्च 1987, अमेरिकेत मिशिगन राज्यातलं पॉन्टिअॅक गाव, सिल्व्हरडोम नावाचं स्टेडियम. आम्हा पोरांच्या खिशात तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते असायचे. रँक, उंची, वजन, छाती, दंड. आंद्रे द जायंटचा पत्ता हाती आला की डोळे मिटून वजन पुकारायचं. पत्त्यांतली ही माणसं प्रत्यक्ष हलताना दिसणार, एवढ्यासाठीच कॅसेट आणली होती.

तात्यांनी पहिली पाच मिनिटं पाहिली आणि निकाल देऊन टाकला. “ह्यांचे कान बघ. एकाचा तरी कान मोडलाय का? ही कसली कुस्ती?”

बरोबरच होतं त्यांचं. ती कुस्ती नव्हतीच. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं, किती वेळ चालणार तेही ठरलेलं. त्या धंद्यातली माणसं याला ‘वर्क’ म्हणतात आणि खरोखरच्या मारामारीला ‘शूट’. पडण्याला ‘बम्प’, दुखल्याचं दाखवण्याला ‘सेल’, आणि ठरल्याप्रमाणे हरण्याला ‘जॉब’. जॉब करणं म्हणजे हरणं. हे सगळं गुपित ठेवायचं, अशी शपथच असे. पण 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच सांगून टाकलं की आमचे सामने म्हणजे करमणूक, खरी स्पर्धा नव्हे. सत्याचं प्रेम उफाळून आलं म्हणून नव्हे, तर क्रीडा आयोगाची बंधनं आणि कर टळावेत म्हणून.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना यात नवल वाटायचं नाही. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या ‘फ्रीस्टाइल’ लढती पाहिलेले लोक आजही भेटतात. खरी होती की लुटुपुटूची, असं विचारलं की हसतात आणि विषय बदलतात.

तर हा कार्यक्रम. मागच्या महिन्यात मी तो पुन्हा पाहिला, या वेळी संगणकावर, सलग तीन तास. एकूण 12 लढती आहेत आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर वेळ घालवू नये. पण स्टेडियम बघण्यासारखं आहे. त्याचं छत कापडाचं होतं, आतल्या हवेच्या दाबावर तरंगलेलं. त्यातून दुपारचं ऊन गाळून खाली येतं आणि रिंगवर दुधी उजेड पडतो. नंतरच्या काळात अंधार करून दिव्यांचा झगमगाट करायची पद्धत आली. इथे दिवसाउजेडी जत्रा भरावी तशी माणसं दिसतात, अगदी वरच्या रांगेपर्यंत. गर्दीचा आकडा जाहीर झाला 93,173. कुस्तीवर आयुष्यभर लिहिणारे पत्रकार डेव्ह मेल्टझर म्हणतात, आकडा फुगवलेला आहे, खरे लोक 78 हजारांच्या आसपास. वाद अजून मिटलेला नाही. रिंग दारापासून इतकी लांब होती की कुस्तीगिरांना छोट्या मोटारगाडीवर बसवून नेत. गाडीही रिंगसारखी सजवलेली, चार कोपऱ्यांना खांब आणि दोर. लग्नाच्या वरातीत शोभेल असं काहीतरी.

काही गोष्टी आज बघवत नाहीत. ठेंगण्या पैलवानांना घेऊन केलेल्या एका लढतीत किंगकाँग बंडी नावाचा अवाढव्य गडी, आपल्या वरळीचा नव्हे, हा दुसरा, पन्नाशी ओलांडलेल्या लिटल बीव्हरला आपटतो आणि वर कोपर टाकून अंग झोकतो. प्रेक्षक हसतात. दुसऱ्या लढतीत अट अशी, की हरणाऱ्याने जिंकणाऱ्यापुढे मान झुकवायची. जिंकणारा मुकुट मिरवणारा गोरा हार्ली रेस, हरणारा काळा जंकयार्ड डॉग. डॉग मान झुकवतो आणि लगेच खुर्ची उचलून रेसला हाणतो, त्याचा राजेशाही झगा घेऊन निघून जातो. लोक खूश. पण ही अट लिहिणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं, असा प्रश्न पडतोच.

आता ज्याच्यासाठी ही कॅसेट जपून ठेवावी, ती लढत. रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट. पणाला लागलेला विजेतेपदाचा पट्टा इंटरकॉन्टिनेंटल, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा. मागची गोष्ट अशी, की काही महिन्यांपूर्वी सॅव्हेजने रिंगची लोखंडी घंटा वापरून स्टीमबोटचा गळा जायबंदी केला होता, अर्थात कथेपुरता. सॅव्हेज आडदांड दिसत असला तरी कामाच्या बाबतीत हिशेबनीस होता. ही लढत त्याने अक्षरशः कागदावर लिहून काढली, कुठल्या डावानंतर कुठला डाव, आणि स्टीमबोटकडून ती पाठ करून घेतली. परीक्षेआधी एकमेकांना प्रश्न विचारावेत तसे दोघं एकमेकांना विचारत, यानंतर काय, त्यानंतर काय. स्टीमबोटने हे नंतर पुष्कळदा सांगितलंय. बाकीचे गडी रिंगमध्ये गेल्यावर कानात कुजबुजून लढत जुळवत. हे दोघं संहिता पाठ करून आले होते.

साधारण साडेचौदा मिनिटं. त्यात एकही क्षण पोकळ नाही. स्टीमबोट त्याला दोन्ही हातांनी गळ्याला धरून अधांतरी उचलतो, तेव्हा घंटेचा सूड आला हे न सांगता कळतं. पंच एक, दोन म्हणतो आणि तीन म्हणायच्या आत खालचा सुटतो. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी गर्दीचा आवाज एक पायरी वर चढतो. पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकलं तरी समजेल. मी करून पाहिलंय. रेडिओवाल्याची खोड.

शेवटाकडे पंच आडवा पडतो. सॅव्हेज पुन्हा ती घंटा आणतो. स्टीमबोटच्या बाजूने आलेला जॉर्ज ‘द अॅनिमल’ स्टील, ज्याच्या पाठीवर अस्वलासारखे केस, तो घंटा हिसकावतो. लाथ खाऊन घंटा गमावतो आणि दोरावर चढलेल्या सॅव्हेजला खाली ढकलतो. धडपडत उठलेला सॅव्हेज स्टीमबोटला उचलायला जातो, आणि स्टीमबोट मान आणि पाय एकत्र कवटाळून त्याचं गाठोडं करतो. एक, दोन, तीन.

इथे तात्या खुर्चीतून पुढे सरकले. “मोळी बांधली की रं ह्यानं!”

मोळी हा आपल्या मातीतला डाव. सरपणाची मोळी बांधतात तसा माणूस बांधायचा. मिशिगनमध्ये सॅव्हेजने स्टीमबोटकडून खाल्लेला तो डाव कोल्हापुरातून आलेल्या माणसाला ओळखीचा वाटला. मग म्हणाले, “हा जिंकला, पण काम त्या दुसऱ्यानं केलं. पडायला किती सुरेख शिकलाय बघ.”

श्रोतेहो, या प्रकाराबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी नंतर कुणा समीक्षकाकडून ऐकलं नाही. आखाड्यात पडणं म्हणजे संपणं. पाठ मातीला लागली की हलगी थांबली. इथे उलटं आहे. उचलणारा दिसतो, पण उचलू देणारा लढत घडवतो. आपटलं जाणाऱ्याने हनुवटी छातीला लावायची, अंगाचा भार खांद्यांवर आणि पाठीवर पसरवायचा, हातांचा आवाज काढायचा आणि मग तोंडावर दुःख आणायचं. रिंगच्या फळ्यांवर पातळशी गादी असते, बस. ठरवून पडलं म्हणून फळी मऊ होत नाही.

आणि आता शेवटची लढत. हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट.

आंद्रे फ्रान्सचा. वाढीचं संप्रेरक थांबायचं नावच घेत नाही असा ॲक्रोमेगली नावाचा विकार, त्यामुळे हात, कपाळ, जबडा वाढतच गेलेला. जाहिरातीत उंची सात फूट चार इंच, वजन 520 पौंड, म्हणजे 236 किलो. वर्षानुवर्षं तो लोकांचा लाडका. कथा अशी रचली, की होगनला तीन वर्षं विजेता राहिल्याबद्दल मोठा करंडक मिळतो आणि पंधरा वर्षं अजिंक्य राहिल्याबद्दल आंद्रेला लहानसा. आंद्रे रुसतो. मग बॉबी हीनन या कपटी मॅनेजरला घेऊन येतो, होगनला आव्हान देतो, त्याचा शर्ट आणि गळ्यातला क्रॉस ओढून तोडतो. मित्र वैरी झाला. इतकी साधी गोष्ट, कीर्तनात सांगावी अशी. पंधरा वर्षं अजिंक्य ही थाप होती, आणि त्याला आजवर कुणी उचलून आपटलं नाही ही तर त्याहून मोठी थाप. खुद्द होगननेच 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्याला उचललं होतं. पण त्या काळी कुणाजवळ पुरावा होता?

समालोचक दोन. गोरिला मॉन्सून, स्वतः जुना कुस्तीगीर, जो सज्जनांची बाजू घेतो, आणि जेसी व्हेन्चुरा, जो दुर्जनांची वकिली करतो. हाच व्हेन्चुरा पुढे 1999 मध्ये मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला. वकिली कामाला आली म्हणायचं. लढतीचा पंच जोई मॅरेला हा मॉन्सूनचाच दत्तक मुलगा. हे समालोचनात कुणी बोलत नाही.

लढत कशी आहे? डाव म्हणाल तर काही नाही. सुरुवातीलाच होगन आंद्रेला उचलायला जातो, भाराने कोसळतो, आणि आंद्रे अंगावर पडतो. तीन झाले की नाही, यावर शाळेत आमची भांडणं झालीत. मग आंद्रे त्याला मिठीत आवळून धरतो, बराच वेळ. फारच वेळ. सॅव्हेज आणि स्टीमबोटनंतर हे बघणं म्हणजे द्रुत लय संपून पुन्हा विलंबित सुरू व्हावी तसं आहे. मी सोळा-सतरा वर्षांचा, मला कंटाळा आला.

तात्या मात्र त्या मिठीकडे टक लावून बघत होते. चहा गार झाला तो इथे. म्हणाले, “ह्या मोठ्याची कंबर गेलीये. बघ, दोर धरल्याशिवाय वळत नाही. तो आवळत नाहीये, उभा राहतोय.”

मला तेव्हा ती पैलवानी फुशारकी वाटली. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं. आंद्रेच्या पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया 1986 मध्ये झाली होती. या लढतीत त्याने जो काळा, एका खांद्याचा पोशाख घातलाय, त्याच्या आत पाठीला आधार देणारा पट्टा होता. वेदना सहन होत नव्हत्या अशा अवस्थेत तो रिंगमध्ये उतरला होता. ॲक्रोमेगलीने हाडं आणि सांधे पोखरलेले. हे कुणाला सांगायचं नव्हतं, कारण राक्षस आजारी असून चालत नाही.

शेवटची दोन मिनिटं. होगन धावत येऊन हाताचा फटका मारतो आणि आंद्रे पहिल्यांदा पाठीवर पडतो. गर्दीचा आवाज कापडी छताला आपटून परत येतो. आंद्रे उठतो. होगन त्याला उचलतो, क्षणभर खांद्याशी धरतो, वळवतो, आपटतो. मग मांडीचा वार, आणि एक, दोन, तीन. सगळी मिळून बारा मिनिटं.

होगन पुढे मुलाखतींत सांगे, की आंद्रे मला उचलू देईल की नाही हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. होगनच्या गोष्टींना मीठमसाला जरा जास्तच असतो. दर मुलाखतीत आंद्रेचं वजन वाढत जाई. पण त्यात एक गोष्ट निर्विवाद आहे. आंद्रेने नाही म्हटलं असतं तर जगातला कुठलाही माणूस त्याला उचलू शकला नसता. ज्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, तीच पाठ त्याने फळीवर टाकली.

आंद्रे 1993 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये गेला, 46 व्या वर्षी. सॅव्हेज 2011 मध्ये, होगन 2025 मध्ये. सिल्व्हरडोमही पाडलं. डिसेंबर 2017 मध्ये सुरुंग लावले, सगळ्यांनी कॅमेरे रोखले, स्फोट झाले आणि स्टेडियम जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावावे लागले.

त्या दुपारी लढत संपल्यावर पडद्यावर होगन दंड फुगवून दाखवत होता, कानाला हात लावून टाळ्या मागत होता. मी खूश होऊन कॅसेट बंद करायला उठलो.

“थांब,” तात्या म्हणाले. “तो मोठा कुठं गेला? मागं घे जरा.”

मी रिवाइंड केलं. पडद्यावर रेघा धावल्या. त्या छोट्या गाडीवर हीननबरोबर आंद्रे परत निघाला होता.

“हां. इथं चालू दे,” असं म्हणून तात्यांनी गार चहाचा कप तोंडाला लावला.