खत टाकलं, पण पिकलं होतं का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

अक्षय तृतीया झाली की आमच्याकडे उकिरडे उपसायला सुरुवात होते. ट्रॉल्या रिकाम्या होतात, रानात ठिकठिकाणी खताचे ढिगारे पडतात आणि पावसाची वाट बघत महिनाभर उन्हात तसेच राहतात. त्यातलं नत्र अमोनिया होऊन वाऱ्यावर जातं. खत रानात नेलं की त्याच दिवशी पसरावं आणि वखराच्या पाळीने मातीआड करावं, एवढं तरी कराच.

पण मला आज त्याआधीचं विचारायचंय. नेलं ते खत झालं होतं का?

काही वर्षांपूर्वी मीच घाई केली. उकिरड्यात गव्हाचं काड अजून सोनेरी दिसत होतं, तरी मिरचीच्या रानात टाकून मोकळा झालो. तीन आठवड्यांत मिरची पिवळी पडली. खत घालून पीक उपाशी! कारण साधं होतं. गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे ८० ते १०० भाग कर्ब असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागतं, काडात ते पुरेसं नसतं, मग ते जमिनीतलं उचलतात. पंगतीत जिवाणू आधी जेवले, मिरचीच्या वाट्याला रिकामी पत्रावळ आली. खत पूर्ण पिकलं की हे प्रमाण २० च्या आसपास येतं आणि मग नत्र पिकाला सुटायला लागतं. कच्च्या शेणखताबरोबर मुळं कुरतडणारी हुमणीची अळी आणि तणाचं बी येतं ते वेगळंच.

पिकलेलं खत ओळखायला प्रयोगशाळा नको. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागता कामा नये, शेणाचा वास येता कामा नये. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यावा, आणि काडी कशाची होती हे ओळखू येऊ नये.

आता हिशेब करू. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. त्यातलंही पहिल्या हंगामात थोडंच मिळतं. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत जवळपास २१ किलो असतं. तेव्हा दोन ट्रॉल्या टाकल्या, आता गोणी बंद, असं कुणी सांगितलं तर जरा थांबा.

मग खत टाकायचं कशाला? घरी दोन काचेचे ग्लास पाण्याने भरा. एकात वर्षानुवर्षं नांगरलेल्या रानातलं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, दुसऱ्यात बांधावरच्या झाडाखालचं, पाला कुजून काळं झालेलं. रानातलं बघता बघता विरघळून गाळ होतो. बांधावरचं बराच वेळ तसंच राहतं, नुसते बुडबुडे सोडतं. पाला कुजवताना जिवाणू आणि बुरशी जो चिकट पदार्थ सोडतात, त्याने मातीचे कण बांधले जातात. पावसात नेमकं हेच घडतं. एक माती पोपडा धरून पाणी वाहून जाऊ देते, दुसरी ते मुरवते आणि वाफसाही लवकर देते.

चुनखडीच्या रानात आणखी एक फायदा. तिथे जमिनीत लोह असूनही उसाला, भुईमुगाला मिळत नाही, कोवळी पानं पांढरट होतात, ज्याला आपण केवडा म्हणतो. कुजलेल्या खतातला ह्यूमस, म्हणजे कुजून उरलेला काळा भाग, लोहाला धरून मुळाशी नेतो. म्हणून हिराकस, म्हणजे लोह देणारं फेरस सल्फेट, नुसती जमिनीत फेकू नका, आधी शेणखतात मुरवा.

दावणीला दोनच जनावरं आहेत, शेण पुरत नाही, असं बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठीच पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी हौदाची पद्धत काढली, नावाच्या अक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेला भोकं. दीड टनाच्या आसपास काडीकचऱ्याला शेण लागतं फक्त १०० किलो, बाकी चाळलेली माती आणि पाणी. तुराट्या-पऱ्हाट्या बारीक करूनच घाला, अख्ख्या घातल्या तर वर्षभर तशाच दिसतील. वरून शेणमातीने लिंपा, भेगा पडल्या की पुन्हा लिंपा. आत्ता भरलेला हौद गणपतीच्या सुमारास उघडता येईल, रब्बीला वेळेवर.

नमस्कार.