जुनी पेठ

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनमध्ये ऑल्डविच नावाचा रस्ता आहे. भारताचं उच्चायुक्तालय, इंडिया हाऊस, तिथंच. शेजारी बुश हाऊस. शॉर्टवेव्हवर कान लावून आपण बीबीसीच्या हिंदी बातम्या ऐकायचो, त्या कित्येक वर्षं याच इमारतीतून यायच्या. रस्ता १९०५ सालचा, पण नाव फार जुनं. जुन्या इंग्रजीत 'विक' म्हणजे व्यापाराची वस्ती. म्हणजे ऑल्डविच ही आपल्या भाषेत जुनी पेठच.

आता ही पेठ कुठली? पाचव्या शतकात रोमन सत्ता गेली आणि तटबंदीतलं लंडन ओस पडलं. तरी ७३१च्या सुमारास बीड नावाचा भिक्षू लिहितो, की लंडन म्हणजे जलमार्गानं आणि खुष्कीनं येणाऱ्या अनेक लोकांची बाजारपेठ. अभ्यासकांनी ती तटाच्या आत शोधली. हाती फारसं काही लागेना. १९८४मध्ये ॲलन विन्स आणि मार्टिन बिडल या दोघा पुरातत्त्वज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सांगितलं: तटाबाहेर पश्चिमेला बघा, ऑल्डविचला लागून असलेल्या स्ट्रँड या रस्त्याच्या आसपास. पुढच्याच वर्षी तिथल्याच कॉव्हेंट गार्डनमध्ये खोदताना रोमनांनंतर आलेल्या सॅक्सन लोकांची वस्ती सापडली. नाव इतकी शतकं तेच सांगत होतं!

नंतर रॉयल ऑपेरा हाऊसच्या बांधकामाआधी मोठं उत्खनन झालं. पुन्हा पुन्हा खडी टाकून दुरुस्त केलेला रस्ता निघाला, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी घरं. भिंती आपल्या कोकणातल्यासारख्या कुडाच्या. असा कूड मातीत विरून जातो. घर जळालं, तरच लिंपण भाजून टिकतं आणि त्यावर कामट्यांचे ठसे उमटलेले दिसतात. एखाद्या घराच्या दुर्दैवामुळंच त्याची भिंत आपल्यापर्यंत पोचते, हे मला फार हलवून जातं. मागाच्या ताण्याला टांगायची मातीची कडीसारखी वजनं मिळाली, हाडाच्या फण्या मिळाल्या. ऱ्हाइनकाठच्या ज्वालामुखी दगडाची दळायची जातीसुद्धा! इतकं जड ओझं समुद्रापलीकडून आणायचं, तर पेठ केवढी भरभराटीची असेल.

पुढं व्हायकिंगांच्या धाडी सुरू झाल्या. ८८६मध्ये आल्फ्रेड राजानं लंडन पुन्हा रोमन तटाच्या आत वसवलं. मागं राहिलेल्या घरांवर माती चढली, वर शेतं आली, मग वेस्टमिन्स्टरच्या मठाची बाग. कॉव्हेंट गार्डन हे नाव त्या बागेचं.