शिकार आणि शिकाऱ्याची नीती

श्रोतेहो, नमस्कार.

शिकार हा मर्दानी खेळ, असं आमच्या ठाण्यातही जुनी मंडळी अजून कौतुकानं सांगतात. येऊरच्या डोंगरात रानडुकरामागे रात्र जागवल्याच्या गोष्टी निघाल्या की ऐकणाऱ्यांचे डोळे चमकतात. मला हे कौतुक पटत नाही. कबड्डीत दोन्ही संघ आपणहून मैदानात उतरतात आणि हरलेला संघ अंगावरची माती झटकून घरी जातो. रानडुकराला कुणी विचारलेलं नसतं आणि हरल्यावर त्याला घरी जायचं नसतं.

तरीही सगळे शिकारी एकाच माळेचे मणी, असं मी म्हणणार नाही. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. त्यांना शिकार मिळेना, म्हणून सोबतच्यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं. रूझवेल्टनी त्यावर गोळी झाडायला साफ नकार दिला. 'टेडी' हे थिओडोरचं लघुरूप, 'टेडी बेअर' हे नाव त्यातूनच आलं. पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. ते अस्वल जबर जखमी होतं. त्याचे हाल थांबावेत म्हणून ते मारून टाकायला रूझवेल्टनीच सांगितलं. मला हा दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण जखमी जनावर तसंच सोडून देण्यासारखं पाप शिकारीत दुसरं नाही. हिमालयातल्या कुमाऊँ भागातल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी आहेत. १९०७ साली शिकारी जिम कॉर्बेट यांनी तिला मारलं, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले आढळले. जुन्या गोळीची ती जखम होती. नैसर्गिक शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेट यांचं मत होतं. कुणाच्या तरी एका कच्च्या नेमाची किंमत नेपाळ आणि कुमाऊँतल्या गावांनी मोजली.

नेम पक्का नसेल तर बार न काढणं, पिल्लांसोबतच्या मादीला सोडून देणं, रक्ताचा माग शेवटपर्यंत काढणं. हे सगळं रानात कुणी बघत नसताना करायचं असतं, म्हणून ते अवघड.

आता आपल्याकडचा फास बघा. गाडीच्या क्लचची तार घ्यायची, जनावरांच्या वाटेवर झुडपाच्या बुंध्याला बांधायची, पुढे सरकगाठ सोडायची. जनावर जितकं ओढतं तितकी तार मांसात रुतते. डुकरासाठी लावलेल्या अशा फासात बिबट्याही कमरेत अडकतो. लावणारा तेव्हा घरी झोपलेला असतो. यात कसब नाही, धाडस नाही आणि दयाही नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. मुरबाड-शहापूरकडे रानडुकरं उभं भात लोळवतात, त्या शेतकऱ्याचा राग मला समजतो. पण त्यासाठी वनविभागाकडे पंचनामा आणि भरपाईचा अर्ज करता येतो. ती वाट संथ आहे, हे खरं. ती लवकर हलावी म्हणून आपण शहरातल्यांनीही आवाज उठवला पाहिजे.

आणि येऊरला फिरायला गेलात, झुडपात तारेची गाठ दिसली, तर जागा नीट लक्षात ठेवा आणि लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. नमस्कार.