फोगल्याचं रायतं

(पहाट. वाळूची टेकडी, माथ्यावर एकच झुडूप.)
लांबून पाहिलं तर वाळलेल्या काटक्यांचा भारा. जवळ गेलं की कळतं, काटक्या हिरव्या आहेत. हा फोग. पानं नावालाच, त्यांचं काम फांद्याच करतात. कुळाने आपल्या अंबट चुक्याचा भाऊबंद, पण राहतो बिकानेर, जैसलमेर, बाडमेरच्या उघड्या वाळूत.

(फांदी, अगदी जवळून.)
मार्चच्या सुमाराला फांद्यांवर बारीक कळ्या लगडतात. हाच फोगला. आजींचा हात बघा. फांदी मुठीत धरली, अलगद ओढली, कळ्या ओंजळीत. काडीकचरा सुपात पाखडून काढायचा. लगेच शिजवायचा नसेल तर सावलीत वाळवून ठेवायचा, पुढे कधीही उपयोगी पडतो.

(चूल. पातेल्यात उकळी.)
फोगला उकडला, निथळला, गार झाला. आता तळव्यांत दाबून पिळायचा. इथे आळस केला तर रायतं पाणचट. पिळलेला गोळा बोटांनी मोकळा करून घुसळलेल्या दह्यात. मीठ, लाल तिखट, भाजलेलं जिरं.

(फोडणी. पाच सेकंद निवेदन नाही.)

(ताट.)
बाजरीची भाकरी, काचरीची (छोट्या रानकाकडीसारख्या फळाची) भाजी आणि हे रायतं. एवढं ताटात आलं की नशीब उघडलं, अशी मारवाडात म्हणच आहे. उन्हाळ्यात पोटाला थंडावा म्हणून खातात. आम्ही दोनदा मागून घेतलं, ते चित्रीकरणात नाही.

(नकाशा. बिकानेर ते बुऱ्हाणपूर.)
बिकानेरचे राजा रायसिंह मोगलांच्या चाकरीत दख्खनेत आले होते. सांगतात, इथे त्यांना अचानक फोगाचं झुडूप दिसलं. राजा त्याला म्हणाला, मला अकबराने धाडलं म्हणून आलो, तू रे कशाला आलास? 1612 मध्ये राजा बुऱ्हाणपुरातच वारला. 

(उपटलेली मुळं. कोळशाची पोती.)
फोगाची मुळं आडवी, लांबवर पसरतात आणि टेकडी जागच्या जागी धरून ठेवतात. त्यांचा कोळसा चांगला धगतो म्हणून ती खणून नेतात, उरलेल्यावर ट्रॅक्टर फिरतो.

(आजी. संध्याकाळ.)
ओंजळ भरली, तरी शेंड्याच्या कळ्या आजींनी तशाच ठेवल्या. विचारलं तर मान वळवून मागे दाखवलं. टेकडी चढून शेळ्या येत होत्या.