राणी पाकोळी आणि रानकोंबडा

नमस्कार श्रोतेहो. सह्याद्रीत पाऊस स्थिरावला, की राणी पाकोळी, म्हणजेच ब्लू मॉर्मन फुलपाखरू, ऐन बहरात येतं. त्याच दिवसांत राखी रानकोंबडा मात्र अंगावरचा साज उतरवून झुडपांत दडतो.

राणी पाकोळीला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळाला. असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. काळेभोर मखमली पंख, मागच्या पंखांवर फिकट निळाई आणि त्या निळाईत काळे ठिपके. मादी लिंबाच्या किंवा पपनसाच्या पानावर अंडी घालते. लहानपणी अळी दिसते थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी, म्हणून तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मोठी झाली की हिरवी होते, आणि छेडलं तर डोक्यामागून दुशिंगी अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते.

रानकोंबड्याचं वैभव त्याच्या मानेवर. तिथल्या प्रत्येक पिसावर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. याच पिसांपायी विलायतेत मासे पकडायचे गळ सजवायला हे पक्षी मारले गेले, याचं वाईट वाटतं. आपल्या घरच्या कोंबडीच्या पायाचा पिवळा रंगही याच्याच वंशातून आला, असं २००८ च्या जनुकीय अभ्यासात दिसलं.

विणीचा मोसम सरला, की जूनपासून ही पिसं गळतात. कोंबडा साधासुधा दिसू लागतो, आरवणंही मंदावतं. पावसाळा सरता सरता नवी पिसं येतात. फुलपाखराला ही सवलत नाही. काटा लागून पंख फाटला, खवले झडले, की ते झडलेलेच. तेवढ्याच पंखांवर त्याला उरलेले दिवस उडायचं असतं. मला दोघांत हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. एकाला दरवर्षी नवा अंगरखा, दुसऱ्याला जन्मभर एकच.

म्हणून दोघांना जपायची रीतही वेगळी. परसातल्या लिंबावर अळी दिसली, तर फवारणी करू नका. चार पानं गेली तरी झाड मरत नाही. रानकोंबडीचं घरटं मात्र जमिनीवर, पाचोळ्यात असतं. फेब्रुवारी ते मे हा तिच्या विणीचा मुख्य काळ, आणि आपल्याकडे वणवेही तेव्हाच लागतात. अंडी उबवायला तीन आठवडे लागतात आणि ते काम ती एकटीच करते. डोंगरउतारावरच्या गावकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: गवत पेटवू नका, आणि कुठे फासे लावलेले दिसले, तर वनरक्षकाला कळवा.