साकुरीच्या गोदावरी माता: गादीवर बाई बसली तेव्हा

शिर्डीला तुम्ही गेला असाल, दर्शन घेऊन परत फिरला असाल, पण तिथून अगदी पाचेक किलोमीटरवर साकुरी आहे, आणि तिथे बऱ्याच जणांची गाडी थांबतच नाही. आज मला तिथल्याच एका बाईंबद्दल बोलायचंय.

साकुरी म्हणजे उपासनी महाराजांचं ठिकाण. साईबाबांचे शिष्य, 1922 मध्ये बांबूच्या पिंजऱ्यात स्वतःला कोंडून घेऊन वर्षभराहून जास्त आत राहिलेले, तेच. त्यांनी 1932 मध्ये साकुरीतच कन्याकुमारी स्थान नावाची मुलींची संस्था सुरू केली आणि मुलींना वेदमंत्र, यज्ञ, सगळं शिकवायला घेतलं. त्या काळात! बाईच्या कानावर वेद पडू नये म्हणणारे लोक गावोगाव होते, आणि इथे मुली बसून संथा घेतायत, म्हणजे ऐकून मागोमाग म्हणत पाठ करतायत, चुकलं की परत म्हणतायत, आणि मग स्वतः होमात आहुती देतायत. भयंकर टीका झाली. या कन्यांचं कृष्णाशी लग्न लावायचे त्यावरूनही वाद झाले, आणि तो प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही, मुलींचं वय बघता तर नाहीच.

1941 मध्ये महाराज गेले. आता गादीवर कोण? बसल्या गोदावरी माता, जन्म 1914 चा, म्हणजे वय फक्त सत्तावीस! शेगावची मुलगी, लहानपणीच आश्रमात आलेली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं, 1990 मध्ये जाईपर्यंत, आश्रम त्यांनी सांभाळला.

आता मला यातलं खरं महत्त्वाचं काय वाटतं सांगू? आपल्याकडे बाईला देवी म्हणून पाया पडायला कोणाची ना नसते हो, अंगात आलं की अख्खं गाव हात जोडतं, पण तीच बाई दुसऱ्या दिवशी म्हणाली की पूजा मी सांगते, तर कपाळावर आठ्या. तेज असलेली बाई चालते, अधिकार असलेली चालत नाही. आणि नुसतं तेज असेल तर ते त्या बाईबरोबरच संपतं. साकुरीत पाठांतर होतं. मोठ्या कन्येने धाकटीला शिकवायचं, धाकटीने तिच्यापेक्षा धाकटीला, त्यामुळे माता गेल्या तरी यज्ञ थांबला नाही.

पुढे पुण्यात मामा थत्त्यांनी शंकर सेवा समितीत घरच्या, संसारी बायकांना पौरोहित्य शिकवलं. त्या लग्न लावतात, वास्तुशांत करतात. तुमच्या घरी कधी बाई गुरुजी आल्यात का? आल्या असतील तर घरातली मोठी माणसं काय म्हणाली ते खाली नक्की लिहा, मला खरंच वाचायचंय.