शहर भरतं कोण?

(उपग्रहातून दिसणारी रात्रीची पृथ्वी)

उजेडाचा प्रत्येक मोठा पुंजका म्हणजे एक शहर. १९५० साली जगातली जेमतेम तीस टक्के माणसं शहरांत राहत होती. २००७च्या सुमारास हे प्रमाण निम्म्यावर गेलं.

(लंडनच्या मृत्युनोंदींची छापील पानं)

ही पानं सतराव्या शतकातल्या लंडनची. आठवड्याभरात किती जण दगावले, कशानं दगावले, हे छापून विकलं जायचं. प्लेग, क्षय, ताप, बाळंतपण. जॉन ग्राँट नावाच्या व्यापाऱ्यानं वर्षानुवर्षांच्या अशा पानांची बेरीज केली आणि १६६२ साली ती पुस्तकात मांडली. बाप्तिस्मे, म्हणजे जन्मांच्या नोंदी, कमी; दफनं जास्त. या हिशेबानं लंडन ओस पडायला हवं होतं, पण ते तर वाढत होतं! ग्राँटचं उत्तर सरळ होतं: गावांकडून माणसं येताहेत. इतिहासकार ई. ए. रिग्ली यांच्या मते १६५० ते १७५० या काळात लंडनमध्ये, सोडून गेलेले वजा करता, दरवर्षी सरासरी आठ हजार माणसांची बाहेरून भर पडली. शहरावर बाहेरच्यांचा भार पडतो असं म्हणणाऱ्यांनी हे पान जरा थांबून वाचावं. त्या बाहेरच्यांनीच लंडन जगवलं.

(मँचेस्टर, अँकोट्समधल्या विटांच्या गिरण्या)

वाफेच्या यंत्रामुळे गिरणी ओढ्याकाठच्या खेड्यातून शहरात आली. कोळसा बोटीनं यायचा, म्हणून गिरण्या कालव्याला खेटून. घरोघरचं सूतकाम बुडालं, गायरानांना कुंपणं पडली. १८०१ ते १८५१ या पन्नास वर्षांत मँचेस्टर सुमारे चौपट झालं. तिथल्या बहुतेक प्रौढांचा जन्म दुसरीकडचा.

(जनगणनेचे तक्ते, नकाशा)

ही माणसं किती लांबून आली? अर्न्स्ट राव्हेनस्टाइन यांनी ब्रिटनच्या जनगणनेतली जन्मस्थळं तपासली आणि १८८५ साली निष्कर्ष मांडले. बहुतेकांनी लांबचा पल्ला गाठलाच नव्हता. शहरालगतच्या गावातली माणसं शहरात शिरली, त्यांच्या रिकाम्या जागी त्यापलीकडच्या गावातली आली. जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा बायका जास्त हलल्या होत्या, हे आजही पुष्कळांना ठाऊक नसतं.

नुसती गरिबी माणसाला गावातून उठवत नाही. अगदी कफल्लक माणसाला तर जागचं हलणंही जमत नाही. वाटखर्चाला पैसे लागतात आणि उतरल्यावर पाठ टेकायला ओळखीचं घर. एक जण टिकला की तो भावाला बोलावतो, मग शेजाऱ्याला.

(शेन्झेन, दाटीवाटीच्या इमारतींमधली गल्ली)

१९८० साली इथं चीननं विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन केलं. भोवती शेतीची, मासेमारीची गावं होती. शेतं कारखान्यांखाली गेली, घरांच्या जागा मात्र गावकऱ्यांकडे राहिल्या. त्यांनी त्यावर मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. गल्लीची रुंदी पाहा. समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतो, म्हणून यांना हस्तांदोलनाच्या इमारती म्हणतात. वायरी डोक्याला लागतात, ऊन खाली पोचत नाही. तरी कारखान्यांच्या वसतिगृहांत न मावलेल्या लाखोंना परवडेल असं छप्पर याच गल्ल्यांनी दिलं. शहर आखणाऱ्यांच्या आधी शहराची निकड या माजी शेतकऱ्यांना कळली होती.

२०२०च्या जनगणनेत शेन्झेनची लोकसंख्या सुमारे एक कोटी पंचाहत्तर लाख भरली. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांची हुकोऊ, म्हणजे कायम रहिवासाची नोंद, अजून दुसरीकडेच आहे. त्यामुळे सरकारी शाळेत प्रवेश मिळवणं अवघड होतं, आणि पुष्कळांची मुलं गावी आजी-आजोबांकडे वाढतात.